भरतीची वेळ आईलाच विचार

पत्र असं आहे :

‘ताई, मी मँचेस्टरला राहते. बाबा गेल्या वर्षी गेले. त्यानंतर आई पहिल्यांदाच माझ्याकडे आली आहे. तिचं माहेर आणि सासर दोन्ही दाभोळच्या खाडीकाठची. जन्मभर पाण्याशेजारी राहिलेली बाई इथे मे महिन्यापासून चार भिंतींत बसून आहे. फारसं बोलत नाही. जेव म्हटलं की जेवते, चल म्हटलं की निघते. ऑफिसमधल्या एकीने सुचवलं, ग्रेंज-ओव्हर-सँड्सला ने, उत्तरेकडचं शांत गाव आहे, गर्दी नाही, समुद्र आहे. मी रजा काढून नेलं. दुपारी दोनला पोचलो. समोर पाहते तर गवत! गवतात मेंढ्या, त्यापलीकडे चिखल आणि पाण्याचा कुठे पत्ता नाही. आई कठड्याला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “ह्याला समुद्र म्हणतात होय गो?” परतीच्या गाडीत दोघी गप्प. घरी आल्यावर मला रडू फुटलं. नवरा म्हणतो ब्लॅकपूलला न्यायचं होतंस, तिथे निदान पाणी दिसतं. निसर्गात गेलं की मन हलकं होतं असं सगळे सांगतात, मग आईचं का झालं नाही? नवरात्र झालं की ती परत जाणार. त्याआधी तिला कुठे नेऊ?’

तुझी आई अगदी बरोबर बोलली, हे आधी सांगते. त्या दिवशी तिथे समुद्र नव्हताच. तू पत्रात तारीख दिली होतीस म्हणून पंचांग काढून पाहिलं. अष्टमी होती. म्हणजे भांगाचे दिवस, पाणी मुळातच कमी चढणारं, आणि त्यात दुपारी दोनची वेळ, म्हणजे ओहोटी नुकती कुठे फिरलेली. तासाभराने गेला असतात तरी फरक पडला नसता. त्या दिवशी संध्याकाळच्या भरतीचं पाणीसुद्धा त्या कठड्यापर्यंत आलं नसणार.

आणि तुला माझा सल्ला असा की आईला परत तिथेच ने. ब्लॅकपूलला नको. मात्र या वेळी कुठल्या दिवशी आणि किती वाजता जायचं, हे तू ठरवू नकोस. तिला ठरवू दे.

मी या उपसागराच्या दक्षिण काठाला बरीच वर्षं राहते आहे, त्यामुळे या पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. ते आईला वाचून दाखव. तिला त्यातलं अर्धं आधीच माहीत असेल, तरी दाखव.

ग्रेंज हे मोरकम उपसागराच्या उत्तर काठावरचं छोटं गाव. पाठीशी चुनखडीच्या टेकड्या असल्यामुळे थंड वारा अडतो, म्हणून शेजारच्या गावांपेक्षा इथली हवा सौम्य. 1857 मध्ये रेल्वे आली आणि लँकेशर-यॉर्कशरच्या धुराड्यांच्या गावांतले लोक हवापालटाला इथे येऊ लागले. रुळ आणि पाणी यांच्या मधून साधारण दीड किलोमीटरचा फिरण्याचा रस्ता बांधला गेला. तुम्ही उभ्या होतात तो हाच. तेव्हा त्याच्या पायथ्याशी पाणी होतं. मोरकमहून आगबोटी इथल्या धक्क्याला लागत. पुढे 1932 मध्ये याच काठावर मोठा पोहण्याचा तलाव बांधला, तो 1993 पर्यंत चालला. म्हणजे समुद्रस्नानासाठीच नावारूपाला आलेलं गाव हे. मग समुद्र गेला कुठे?

केंट नावाची नदी या उपसागराला मिळते. ओहोटीला ती वाळूतून स्वतःची वाट काढत वाहते, आणि ती वाट कायमची नसते. काही दशकं ती ग्रेंजच्या काठाला चिकटून वाहते, मग हळूहळू सरकत पलीकडे सिल्व्हरडेलच्या बाजूला जाते. नदीची धार काठाशी होती तोवर गाळ टिकत नव्हता. धार दूर गेली, गाळ साचला, गाळावर खारं पाणी सोसणारं गवत रुजलं, गवताने आणखी गाळ धरला आणि बघता बघता खाजण तयार झालं. मेंढ्या चरतात त्या या खाजणावर. त्याच काळात समोरच्या सिल्व्हरडेलच्या काठचं जुनं खाजण नदीने कातरून नेलं. इथे जमीन वाढत होती तेव्हा तिथे ती पाण्यात कोसळत होती. गावातले जुने लोक सांगतात की नदी कधीतरी परत येईल आणि कठड्याखाली पुन्हा पाणी खेळेल. येईलही. या उपसागरात ते याआधी घडलेलं आहे.

आईला हे सांग. दाभोळच्या खाडीत रेतीचा पट्टा कसा सरकतो, कुठली वाट एका पावसाळ्यात बुजते आणि कुठली मोकळी होते, हे काठावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. तिने गवत पाहिलं आणि समुद्र नाही म्हणाली. मला खात्री वाटते की गवताखाली काय आहे हे तिला कुणी सांगितलं असतं, तर ती आणखी चार प्रश्न विचारत बसली असती.

आता भरतीबद्दल. मोरकमचा उपसागर नरसाळ्यासारखा आहे, तोंड रुंद आणि आत निमुळता, शिवाय उथळ. त्यामुळे आत शिरलेलं पाणी चढत जातं. उधाणाला भरती आणि ओहोटी यांतला फरक साडेदहा मीटरपर्यंत जातो. मुंबईला हाच फरक साधारण पाच मीटर, आणि कोकणात दक्षिणेकडे जावं तसा त्याहून कमी. म्हणजे तुझ्या आईने जन्मभर पाहिलेल्या भरतीच्या कितीतरी पट उंच भरती इथे येते, आणि ओहोटीला पाणी काही ठिकाणी बारा किलोमीटर मागे जातं. तीनशे चौरस किलोमीटरहून जास्त वाळू आणि चिखल उघडा पडतो. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये कुठेही एवढा सलग पट्टा नाही. पाणी भरतं ते थोड्या वेळात, ओसरताना मात्र रेंगाळतं. भरती चांगल्या घोड्याच्या वेगाने येते, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत.

ग्रेंजच्या अलीकडचं स्टेशन आर्नसाइड. तिथे उधाणाच्या दिवशी केंटच्या मुखातून पाण्याची एक सरळ रेघ वर सरकत येते. पुढे फेसाची कड, मागे सपाट चकाकणारं पाणी. ती यायच्या आधी गावात भोंगा वाजतो, वाळूवर कुणी असेल तर त्याने काठ गाठावा म्हणून. मी पहिल्यांदा तो भोंगा ऐकला तेव्हा शेजारी बसलेल्या बाईंनी हातातला चहा खाली ठेवला आणि पाण्याकडे तोंड केलं. ती रोज पाहणारी बाई. तरीही बोलणं थांबवून पाहत राहिली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. आईला विचार, भरतीची वेळ कशी काढायची. तिला ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणून पावणेचारच्या सुमाराला भरती पुरी. अष्टमीला सहाला. पौर्णिमेला सव्वाअकराला. खाडीकाठच्या घरांत मुलांना पाढ्यांबरोबर हे येतं. आणि ऐक, हा हिशेब मोरकमच्या उपसागराला लागू पडतो. चंद्र माथ्यावरून गेल्यावर किती वेळाने पाणी भरतं, हे प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. कोकणचा किनारा आणि इंग्लंडचा हा वायव्य किनारा यांचं ते अंतर योगायोगाने जवळजवळ सारखं आहे. लिव्हरपूल, मोरकम, ग्रेंज, सगळीकडे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचं उधाण दुपारी आणि मध्यरात्री येतं, आपल्याकडे येतं तसंच. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा तासाभराची चूकभूल धरायची. पूर्व किनाऱ्यावर, समजा व्हिटबीला, तिचं गणित सपशेल चुकेल. इथे नाही चुकणार.

तुझ्या आईला या देशात आल्यापासून कुठली गोष्ट स्वतःच्या ज्ञानावर ओळखता आली असेल, याचा विचार कर. बसचं तिकीट तू काढतेस. दुकानात काय म्हणाले ते तू सांगतेस. गॅस कसा पेटवायचा, केराच्या कुठल्या डब्यात काय टाकायचं, जाकीट कधी घालायचं, सगळं तिला दुसऱ्याने सांगायचं. तू प्रेमानेच करतेस, यात मला शंका नाही. पण ज्या बाईने घर चालवलं, माणसं सांभाळली, ती आता प्रत्येक गोष्टीत पाहुणी झाली आहे, आणि तीही नवरा गेल्यानंतरच्या वर्षात. ग्रेंजलाही तू तिला ‘दाखवायला’ नेलंस. तिला बघायला बसवलं आणि बघायला काही नव्हतं.

तेव्हा आता असं कर. कालनिर्णय तुझ्याकडे नसेल तर फोनवर पंचांग काढ आणि तिच्या हातात दे. म्हण, आई, मला इथली भरती पाहायची आहे, मोठी भरती, कधी जाऊ? ती सांगेल पौर्णिमेनंतर किंवा अवसेनंतर दोन दिवसांनी जा, उधाण खरं तेव्हा चढतं. तेही इथे खरं आहे. तिने वेळ काढली की तू मोरकमचा भरतीचा तक्ता उघड आणि दोघी ताडून पाहा. तिचा हिशेब आणि तक्ता यांच्यात किती मिनिटांचा फरक येतो, हे पाहायला मला स्वतःला आवडेल. कृपा करून कळव.

तक्त्यात भरतीचा आकडा दहा मीटरच्या आसपास किंवा वर असेल असा दिवस निवडा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवस-रात्र सारखी असतात त्या सुमाराला, वर्षातली मोठी उधाणं येतात, त्यामुळे आईच्या जाण्याआधी तुम्हाला दोन चांगल्या संधी आहेत. एक अनंत चतुर्दशीनंतर दोन-तीन दिवसांनी. दुसरी सर्वपित्री अमावास्येनंतर, पण तेव्हा घट बसलेले असतील आणि घरात अखंड दिवा असेल तर आई दिवसभर बाहेर राहायला तयार होणार नाही. तिला तो प्रश्न पडण्याआधी तूच विचार कर. दिव्यात तेल घालायला नवरा घरी थांबणार असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पहिली संधी धर. ते पितृपक्षाचे दिवस असतील. बाबा तिच्या मनात असतीलच. ते तिच्यावर सोड.

गाडी बॅरोकडे जाणारी. काही गाड्या मँचेस्टरहून थेट आहेत, नाहीतर लँकेस्टरला बदलायची. जाताना डाव्या खिडकीशी बसा. आर्नसाइड सुटलं की गाडी केंटच्या मुखावरच्या लांब, बुटक्या पुलावरून जाते. पन्नास खांबांचा जुना पूल, रुळांच्या दोन्ही बाजूंना नुसती वाळू आणि आकाश. तिथे गाडी हळू होते. पुलानंतर ग्रेंजपर्यंत रुळ अगदी काठाने जातात. भरतीच्या वेळेच्या निदान दोन तास आधी पोचा, म्हणजे आधी तेच गवत दिसेल, तोच चिखल, त्याच मेंढ्या. आईला ते दिसायलाच हवं. मग बाकावर बसायचं आणि वाट पाहायची. आधी दूरवर एक पांढरी रेघ दिसते. नंतर खाजणातल्या नागमोडी चरांतून पाणी गुपचूप वर चढू लागतं, काठापासून आत, अनपेक्षित ठिकाणी. मोठं उधाण असेल तर गवत बुडत जातं, फक्त शेंडे राहतात, आणि पाणी कठड्याच्या दगडांना लागतं. दोन तासांपूर्वी मेंढ्या चरत होत्या ते सगळं पाणी झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र अगदी कडक शब्दांत सांगते. वाळूवर पाऊल टाकायचं नाही. ना तू, ना आई, ना पुढे कधी मुलं. आईला कदाचित मोह होईल. ओहोटीला शिंपल्या वेचायला ती लहानपणापासून चिखलात उतरलेली असणार, आणि उघडी वाळू दिसली की खाडीकाठच्या माणसाचा पाय उचलतो. पण इथली वाळू तिच्या ओळखीची नाही. वरून टणक दिसते आणि खाली पाय गिळते. आणि भरती समोरून येत नाही, आधी तुमच्या मागचे चर भरते, म्हणजे कोरड्या उंचवट्यावर उभं असताना परतीची वाट बुडालेली असते. 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री याच उपसागरात शिंपल्या वेचणारे किमान 21 चिनी मजूर बुडून मेले. त्यांना भरतीचं ज्ञान नव्हतं, भाषा येत नव्हती, आणि ज्यांनी त्यांना कामाला लावलं त्यांनी ती माहिती द्यायची तसदी घेतली नाही. त्यानंतर मजुरांच्या मुकादमांना परवाना सक्तीचा करणारा कायदा इथे झाला. मी मोरकमच्या काठावरून ती वाळू पाहते तेव्हा दर वेळी मला ती माणसं आठवतात. परक्या देशात पोटासाठी आलेली माणसं होती ती.

या वाळूतून पलीकडे जायची वाट शेकडो वर्षं चालू आहे. रेल्वे येण्याआधी लँकेस्टरहून इकडे यायचा जवळचा रस्ता हाच होता, ओहोटीला वाळूवरून, पायी किंवा घोडागाडीने. आधी कार्टमेलच्या मठातले साधू वाटसरूंना वाट दाखवायचे. सोळाव्या शतकापासून राजाच्या नेमणुकीचा वाटाड्या असतो, आणि ते पद आजही आहे. सेड्रिक रॉबिन्सन 1963 ते 2019 या काळात हे काम करत होते. मूळचे मच्छीमार. वर्षाला 15 पौंड मानधन आणि राहायला जुनं घर. नदीची वाट रोज बदलते म्हणून ते प्रत्येक फेरीआधी स्वतः वाळू चालून पाहायचे आणि सुरक्षित वाटेवर लॉरेलच्या फांद्या रोवायचे. 1985 मध्ये प्रिन्स फिलिप यांनी घोडागाडी हाकत ही वाळू ओलांडली तीही त्यांच्याच मागोमाग. त्यांच्यानंतर आलेले मायकल विल्सनही मच्छीमारच. उन्हाळ्यात वाटाड्याबरोबर शेकडो लोक आर्नसाइडहून पलीकडे चालत जातात. पुढे कधी तुला जायचं असेल तर तशीच जा, त्याच्याबरोबर. आईसाठी ते अंतर मोठं आहे.

पण हे सगळं तिला सांग नक्की. कारण वाटाड्याचं ज्ञान तिच्या ओळखीचं आहे. शेजारच्या फ्लूकबरा गावचे मच्छीमार होडीने मासेमारी करत नाहीत. पूर्वी घोडागाडी घेऊन आणि आता ट्रॅक्टर घेऊन ओहोटीच्या पाण्यात उतरतात आणि मागे जाळी ओढत बारीक तपकिरी कोळंबी धरतात. ती उकडून, सोलून लोण्यात घालतात, लोण्यात जायपत्री. ग्रेंजला किंवा कार्टमेलला मिळते. आई मासे खात असेल आणि तेव्हा वर्ज्य नसतील तर एक छोटी वाटी आणून तिच्यापुढे ठेव. जायपत्री तिला वासावरूनच कळेल. कार्टमेलचा जुना मठही जवळच आहे, पण त्याच दिवशी नको. एका दिवसात एकच.

पक्ष्यांकडे लक्ष द्या. हिवाळ्यात या उपसागरावर दोन लाखांहून जास्त किनारपक्षी उतरतात आणि सप्टेंबरपासून त्यांची रीघ लागलेली असते. पाणी चढलं की चिखलावर पसरलेले थवे उठतात आणि उरलेल्या उंचवट्यांवर दाटीवाटीने बसतात. भरतीच्या तासाला ते काठाच्या सर्वांत जवळ असतात, दुर्बिणीशिवाय दिसतात. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा कर्लू ऐकू येईलच, त्याची शीळ लांबून ओळखता येते. काळा-पांढरा, लाल चोचीचा ऑइस्टरकॅचरही असेल. या दोन्ही जातींचे पक्षी थंडीत कोकणच्या किनाऱ्यावरही येतात, ते वेगळ्या मुलखांतून, मध्य आशिया आणि सैबेरियाकडून. आईने हे पाहिलेले असतील, नाव घेऊन नसेल कदाचित, पण पाहिलेले असतील. तिच्या गावात त्यांना काय म्हणतात हे तिला विचार आणि लिहून ठेव. असल्या गोष्टी पुस्तकात येत नाहीत आणि माणसाबरोबर जातात.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. निसर्गात नेलं आणि आईचं मन हलकं का झालं नाही, असं तू विचारलंस. बाई गं, नवरा जाऊन वर्ष झालेल्या बाईचं मन एका दुपारी हलकं व्हावं, ही अपेक्षाच आपण का करतो? झाडं आणि समुद्र यांच्याकडे आपण हल्ली गोळीसारखं जायला लागलो आहोत. अर्धा दिवस जायचं, बरं वाटून यायचं, नाही वाटलं तर फुकट गेला म्हणायचं. तो उपसागर आपल्यासाठी तिथे नाही. तुमची रजा शुक्रवारी होती म्हणून त्याने पाणी आणलं नाही, आणि आणायचं कारणही नव्हतं. मला स्वतःला त्याच्या याच गुणाने आधार वाटत आला आहे. माझ्या दुःखाची त्याला खबर नाही, तरी दिवसातून दोनदा तो भरतो, दोनदा रिता होतो, आणि त्याच्या वेळा मला आधी कळू शकतात. ज्याच्या आयुष्यात एक माणूस अवेळी निघून गेलं, त्याला वेळेवर येणारी एखादी गोष्ट बघत बसणं पुष्कळ वाटू शकतं. पण हे मला वाटतं. तुझ्या आईला काय वाटेल ते तिचं तिला ठरवू दे. तिला काहीच वाटलं नाही तर तेही चालेल, आणि तू त्याबद्दल रडू नकोस.

बाकावर बसल्यावर तिला बोलतं करायचा प्रयत्न करू नकोस. बाबांची आठवण काढू का, असं स्वतःला विचारत बसू नकोस. ती काढेल, किंवा नाही काढणार. तुझे हात रिकामे ठेव, फोन पिशवीत ठेव, फोटो एखादा पुरे. तिने पाण्याबद्दल काही सांगितलं तर विचार, मग पुढे? एवढंच विचार. मुलींना आपल्या आईच्या लहानपणाबद्दल किती थोडं ठाऊक असतं, हे मला या सदराच्या पत्रांतून सारखं दिसतं. आई गेल्यावर लिहिलेली पत्रं असतात ती. तुझी आई तुझ्या घरात आहे.

एक काळजीचं. जेवण कमी होणं, रात्रभर जागं राहणं, कशातच रस नसणं, जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, यांतलं काही आठवडेच्या आठवडे चालू असेल तर ते दुःख नुसतं सोबतीने ओसरणारं नाही. मग तुझ्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे, चौकशी कर. पाहुणी म्हणून आलेल्या माणसाचीही तात्पुरती नोंदणी होऊ शकते. भाषेसाठी दुभाषी मागता येतो, तो मागून घे, प्रत्येक गोष्ट तुझ्या तोंडून सांगायची तिला लाज वाटू शकते. गावी गेल्यावर तिच्याजवळ कोण असेल, हेही आत्ताच भावा-बहिणींशी बोलून ठेव. विमानतळावर नको.

निघताना जाकीट, कानटोपी, थर्मासमध्ये चहा आणि बसायला घडीची चटई घ्या, काठावर वारा असतो आणि बाकाचा दगड गार लागतो. रस्ता पूर्ण सपाट आहे, गाड्या येत नाहीत, आईचे गुडघे दुखत असले तरी जमेल. स्टेशनसमोर बाग आहे, तळ्यात बदकं आहेत, स्वच्छतागृह जवळ आहे. परतीची गाडी भरतीनंतर निदान दीड तासाने धरा, म्हणजे पाणी फिरलेलं तिला दिसेल. खाडीकाठच्या माणसाला पाणी चढलेलं पाहण्याइतकंच ते फिरलेलं पाहायचं असतं. आणि मन झालं तर परत येताना सिल्व्हरडेलला उतरा. स्टेशनला लागूनच लेटन मॉसची पाणथळ आहे, बोरूच्या बेटांतून सपाट वाटा आहेत आणि बसून पक्षी पाहायला लाकडी आडोसे बांधलेले आहेत. दमली असेल तर सरळ घरी या.

ब्लॅकपूलबद्दल तुझ्या नवऱ्याचं म्हणणं खोटं नाही, तिथे पाणी दिसतं. मुलांना घेऊन एखाद्या संध्याकाळी तिकडे जरूर जा, शरदात किनाऱ्यावर मैलोन्‌मैल दिवे लावतात, मुलं खूश होतील, आईलाही नातवंडांबरोबर मजा वाटेल. ते वेगळं जाणं आहे. पण आधी अनंत चतुर्दशीनंतरचा दिवस रजेसाठी मागून घे. आजच माग, कारण तारीख आई सांगणार आहे आणि ती शनिवार-रविवारी येईलच असं नाही.